ध्रुवीय हिमातील रसायनांचा माग आणि दिल्लीची जबाबदारी

नवी दिल्ली : अंटार्क्टिकावर शेती नाही, कारखाने नाहीत आणि डासांचा उपद्रवही नाही. तरीही १९६० च्या दशकात तेथील पेंग्विनांच्या शरीरात डीडीटीचे अंश आढळले. पाठोपाठ १९६९ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेतील शोधनिबंधाने तेथील हिमातही डीडीटी असल्याची नोंद केली. तेव्हापासून ध्रुवीय हिमातील अत्यल्प सेंद्रिय रसायनांचे मापन हा जागतिक रसायन-नियमनाचा एक महत्त्वाचा पुरावा ठरला आहे. भारत हा दीर्घकाळ डीडीटीचे उत्पादन करणारा आणि दोन्ही ध्रुवांवर संशोधन केंद्रे चालवणारा देश असल्याने या पुराव्याशी त्याचा दुहेरी संबंध येतो.

ही रसायने ध्रुवापर्यंत पोहोचण्याचे मुख्य कारण त्यांच्या अर्ध-बाष्पनशील गुणधर्मात आहे. उष्ण प्रदेशात ती हवेत मिसळतात, थंड हवेत पुन्हा जमिनीवर वा पाण्यावर स्थिरावतात आणि तापमान वाढताच पुन्हा उडतात. अशा टप्प्याटप्प्याच्या प्रवासात ती थंड प्रदेशांत साठत जातात. हिमाच्या कणांचे पृष्ठफळ मोठे असल्याने पडता पडता ते हवेतील बाष्प आणि धूलिकण दोन्ही टिपून घेतात.

मापनाची खरी अडचण प्रमाणाची आहे. एका लिटर वितळलेल्या हिमात यांपैकी अनेक रसायने केवळ काही पिकोग्रॅम असतात. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. त्यामुळे एका नमुन्यासाठी अनेक लिटर पाण्याइतके हिम गोळा करावे लागते. तळावरील जनरेटरचा धूर, बर्फगाडीचे इंधन, इतकेच नव्हे तर संशोधकाचे हातमोजे आणि जलरोधक जाकीटही नमुना दूषित करू शकतात. म्हणून तळापासून दूर, वाऱ्याच्या वरच्या बाजूला खड्डा खोदून नमुने घेतले जातात. डीडीटीसारख्या रसायनांसाठी धातूची किंवा काचेची भांडी वापरतात, तर फ्लोरिनयुक्त रसायनांसाठी टेफ्लॉनची साधने कटाक्षाने टाळली जातात. प्रत्येक फेरीत कोरे नमुनेही तपासावे लागतात. हिम बंद भांड्यात वितळवून त्यातील रसायने शोषक पदार्थावर गोळा केली जातात आणि मास स्पेक्ट्रोमीटरने मोजली जातात. कोऱ्या नमुन्यातील प्रमाण मूळ नमुन्याच्या जवळ जाणारे असेल, तर तो आकडा बाद ठरतो.

विश्वासार्ह आकडा हाती आला तरी त्याचा अर्थ लावणे सोपे नसते. पडलेले हिम दबत जाते, तसा त्यातील काही अंश पुन्हा हवेत जातो, काही सूर्यप्रकाशात विघटित होतो आणि वितळणीच्या आरंभी उरलेला मोठा वाटा एकदम पाण्यात उतरू शकतो. त्यामुळे एका मोहिमेतील एकट्या नमुन्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. त्याच जागी, त्याच पद्धतीने वर्षानुवर्षे घेतलेल्या नमुन्यांची मालिकाच कल दाखवू शकते.

या विषयाचे धोरणात्मक टोक दिल्लीत आहे. ध्रुवीय मोहिमा पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र त्यांचे संचालन करते. अंटार्क्टिकावर ‘मैत्री’ व ‘भारती’, तर आर्क्टिकमध्ये २००८ पासून ‘हिमाद्री’ ही केंद्रे आहेत. दीर्घस्थायी सेंद्रिय प्रदूषकांविषयीच्या स्टॉकहोम कराराची जबाबदारी मात्र पर्यावरण मंत्रालयाकडे आहे. पुरावा गोळा करण्याची क्षमता एका मंत्रालयाकडे आणि त्यावर निर्णय घेण्याचा अधिकार दुसऱ्याकडे, अशी ही विभागणी आहे.

भारताने स्टॉकहोम करार २००६ मध्ये मान्य केला. मात्र यादीत भर पडलेले नवे रसायन स्वतंत्र मान्यतेशिवाय भारताला लागू होत नाही. २०१८ मध्ये सात रसायनांसंबंधीचे नियम अधिसूचित झाले आणि ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यांच्या अनुमोदनाला मंजुरी दिली. २००९ मध्येच कराराच्या यादीत आलेले पीएफओएस हे फ्लोरिनयुक्त रसायन त्या सातांत नव्हते. डीडीटीची कथा तर राजधानीशीच जोडलेली आहे. मलेरिया निर्मूलनासाठी १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्तान इन्सेक्टिसाइड्स या सार्वजनिक कंपनीचा पहिला कारखाना दिल्लीत होता. पुढे रायगड जिल्ह्यातील रसायनी येथेही उत्पादन झाले. डीडीटीने असंख्य जीव वाचवले, हे नाकारता येत नाही. शेतीतील त्याचा वापर १९८९ मध्ये थांबवून तो रोगवाहक कीटकांच्या नियंत्रणापुरता मर्यादित करण्यात आला, तो त्याच्या दीर्घ परिणामांची जाणीव झाल्यामुळेच.

कराराची परिणामकारकता तपासण्यासाठीच्या जागतिक निरीक्षण योजनेत हवा, मातेचे दूध, रक्त आणि विद्राव्य रसायनांसाठी पाणी ही मुख्य माध्यमे आहेत. हिमाचा त्यांत समावेश नाही. म्हणजेच हिमाची नोंद ठेवण्याचा आंतरराष्ट्रीय दबाव कमी आहे आणि ती ठेवायची की नाही, हे प्रत्येक देशाच्या इच्छेवर अवलंबून आहे. भारतासाठी हा प्रश्न केवळ ध्रुवांपुरता नाही. हिमालयातील हिम उत्तर भारतातील शेती, उद्योग आणि शहरांच्या खूप जवळ पडते व त्याचे पाणी गंगा-यमुनेच्या खोऱ्यांत येते. स्पिती खोऱ्यात २०१६ मध्ये उभारलेले ‘हिमांश’ हे केंद्र याच ध्रुवीय संस्थेचे आहे. अंटार्क्टिका, आर्क्टिक आणि हिमालय या तिन्ही ठिकाणी एकाच पद्धतीने मापन केल्यास दूरवरून येणारे प्रदूषण आणि स्थानिक प्रदूषण यांतील फरक स्पष्ट होऊ शकतो.

अशी मालिका उभारण्यासाठी नव्या केंद्रांपेक्षा प्रयोगशाळांतील समान मानके, नियमित निधी आणि दोन मंत्रालयांतील माहितीची देवाणघेवाण अधिक आवश्यक आहे. एखाद्या रसायनावर बंदी घालावी की सवलत मागावी, यावरील वाटाघाटींत आकडेवारीला वजन असते. स्वतःची नोंद नसलेल्या देशाला तेथे इतरांच्या मापनावर विसंबून भूमिका मांडावी लागते. ध्रुवीय संशोधनात चार दशकांहून अधिक काळ गुंतवणूक केलेल्या भारताला ती स्थिती परवडणारी नाही.