मागणी अमान्य : दिवा चालू स्थितीत आहे

‘सदर दिवा चालू स्थितीत आढळून आल्याने नवीन दिव्याची मागणी अमान्य करण्यात येत आहे.’ एका बचाव केंद्राच्या मागणीपत्रावर भांडार शाखेने मारलेला हा शेरा आमच्या एका वाचकाने ऐन पावसाळ्यात फोटो काढून पाठवला. प्रकरण स्टार कासवांचे. गुन्ह्यातला मुद्देमाल म्हणून आलेली, न्यायालयाची परवानगी मिळेपर्यंत सोडता न येणारी आणि तोवर चार भिंतींत वाढणारी पिल्ले. डोक्यावर दोन पावसाळे पाहिलेली टी-८ यूव्हीबी ट्यूब. पाहणीला आलेल्या कर्मचाऱ्याने बटण दाबले, ट्यूब लख्ख पेटली, शेरा झाला. आमच्या वाचकाने उसना मीटर आणून कवचाच्या उंचीवर धरला, तर यूव्ही इंडेक्स शून्य. पिल्लांची कवचे अंगठ्याने दाबली तर दबत होती.

ट्यूबमधले फॉस्फर झिजते, यूव्हीबी आधी जाते आणि दिसणारा उजेड मागे राहतो, हे या मासिकाच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. टी-८ सहा महिन्यांनी आणि टी-५ वर्षाने बदलावी, हा ढोबळ हिशेब आपण सगळेच पाळतो. निदान पाळायला हवा. पण डेड स्टॉक नोंदवहीला हा हिशेब मान्य नाही. तिच्या लेखी दिव्याच्या दोनच अवस्था असतात, पेटतो आणि पेटत नाही. निर्लेखन करायचे तर वस्तू निकामी हवी, आणि जी डोळ्यांदेखत पेटते ती निकामी कशी? त्याच शाखेतल्या एका सहृदय लिपिकाने मग खासगीत मार्ग सुचवला : ‘डॉक्टर, ती फोडून टाका, लगेच निर्लेखन करून देतो.’ आत पारा असलेली ट्यूब, आणि ती फोडायची कासवांच्या आवारात! २०२२च्या ई-कचरा नियमांत पारायुक्त दिव्यांची विल्हेवाट कशी लावायची ते सांगितले आहे. ते नियम याच कार्यालयाच्या सूचना फलकावर लावलेले असतील, अशी आमची खात्री आहे.

हे एकाच केंद्राचे दुखणे असते तर त्यावर संपादकीय खर्ची घातले नसते. पण पत्रे येऊ लागली तशी खरेदीची तऱ्हाही उघडी पडली. निविदेतले तांत्रिक निकष विद्युत शाखा लिहिते, आणि त्यात प्रति वॅट किती ल्युमेन ते विचारते. ल्युमेन हे माणसाच्या डोळ्याला भासणाऱ्या उजेडाचे माप. यूव्हीबीचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. उलट या निकषावर जो दिवा सरस ठरेल तो कासवासाठी बहुधा निरुपयोगी असेल. दुसरी अट असते दोन वर्षांच्या वॉरंटीची. ज्या दिव्याचे उपयुक्त आयुष्य एक वर्षाचे, त्याचा प्रामाणिक विक्रेता अशी वॉरंटी देणारच नाही. म्हणजे तो पहिल्याच फेरीत बाद, आणि उरलेल्यांत सर्वांत कमी दराचा पुरवठादार पास.

यातून काय घडते? ‘यूव्ही ट्यूब, ३० वॅट’ एवढ्याच वर्णनावर एका ठिकाणी चक्क जंतुनाशक ट्यूब आल्या. २५४ नॅनोमीटरच्या, यूव्हीसीच्या. कोविडच्या काळात जिकडेतिकडे घेतलेला माल गोदामांत पडून होता, कागदावरचे वर्णन जुळले, माल उतरला. जमिनीवर पोहोचणारे ऊन २९० नॅनोमीटरच्या आसपास सुरू होते. त्याखालची लहर सोसण्याची सोय निसर्गाने कोणत्याच कासवाला दिलेली नाही. दोन दिवसांत कासवांचे डोळे सुजून मिटले. पिंजरा साफ करणाऱ्या मुलाच्या डोळ्यांचीही आग होऊ लागली, तेव्हा कुठे ट्यूबवर संशय गेला.

पण तोवर एक गोष्ट घडून गेली होती, आणि तिचा दोष भांडार शाखेला देता येणार नाही. सुजलेले डोळे पाहून आपल्याच एका व्यवसायबंधूने अ-जीवनसत्त्वाचे इंजेक्शन दिले. पाणकासवांच्या पिल्लांत डोळे सुजले की अ-जीवनसत्त्व, हे पाठ झालेले असते. पाला खाणाऱ्या जमिनीवरच्या कासवात ती कमतरता विरळा, आणि इंजेक्शनने अतिरेक मात्र सहज होतो. कातडी सोलून निघाल्यावर तो लक्षात येतो. डोळे सुजलेले कासव टेबलावर आले की पहिला प्रश्न आहाराचा नको, ‘वर कोणता दिवा आहे, आणतो का बघायला?’ हा हवा. या शतकाच्या पहिल्या दशकात परदेशात काही गुंडाळीच्या सीएफएल दिव्यांनी असेच डोळे जाळले होते. त्यांच्या फॉस्फरमधून अपेक्षेपेक्षा आखूड लहरी बाहेर पडत होत्या. आज ऑनलाइन बाजारात बिननावाच्या खोक्यांतून काय विकले जाते ते कुणी तपासलेले नाही.

आणि आपली प्रिस्क्रिप्शने? ‘कॅल्शियम सिरप, रोज. यूव्ही बल्ब लावावा.’ झाले! मालक दुकानात जातो. दुकानदार २६ वॅटचा सीएफएल देतो, खोक्यावर १०.० छापलेले असते, ते सगळ्यांना भारदस्त वाटते. तो आकडा म्हणजे मात्रा नव्हे. दिव्याच्या एकूण उत्सर्जनात यूव्हीबी किती टक्के, याचा तो निर्मात्याने केलेला दावा आहे. कासवाच्या पाठीवर काय पोहोचते ते अंतरावर, रिफ्लेक्टरवर आणि मधल्या जाळीवर ठरते. चांगला रिफ्लेक्टर वाचन जवळपास दुप्पट करतो, बारीक जाळी तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत खाते, आणि काच सगळेच गिळते. एन्रोफ्लॉक्सासिन लिहिताना आपण ‘थोडेसे द्यावे’ असे लिहीत नाही. मग दिवा लिहितानाच हात का आखडतो? फर्ग्युसन आणि सहकाऱ्यांचे यूव्ही इंडेक्सचे झोन २०१०पासून उपलब्ध आहेत, फ्रान्सिस बेन्स आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली त्यावर प्रजातींची यादीच करून ठेवली. उघड्या माळरानावरच्या प्रजातीला ऊन खाण्याच्या जागी ३ ते ४, रेड-फूटेडसारख्या जंगली सावलीतल्या प्रजातीला त्याहून कमी, आणि दोघांनाही शून्यापर्यंत जाणारी सावली. एवढे लिहायला प्रिस्क्रिप्शनची एक ओळ पुरते.

उष्णतेचे त्याहून वाईट. यूव्हीची ट्यूब एका टोकाला, सिरॅमिक हीटर दुसऱ्या टोकाला, अशी मांडणी अजून सर्रास दिसते. त्वचेत यूव्हीबीने तयार झालेल्या प्रीव्हिटॅमिनचे डी-३ होण्यासाठी ऊब लागते. गार अंगावर पडलेली यूव्हीबी अर्धी वाया जाते. म्हणून दोन्ही एकाच जागी पडले पाहिजेत. दिवसा शेकायला हॅलोजन फ्लड दिवा, कारण त्याचा जवळचा इन्फ्रारेड अंगात खोल उतरतो. सिरॅमिकची धग वरवर बसते आणि कवच कोरडे करते, तो रात्रीपुरताच आणि थर्मोस्टॅटवर ठेवावा. विदर्भातल्या डिसेंबर-जानेवारीच्या रात्रींना त्याची गरज आहेच. मोठ्या सल्काटावर एकच अरुंद स्पॉट टाकला तर पाठीचा माथा भाजतो आणि पाय गारच राहतात. दिवे दोन लावा, चार लावा, पण झोत अख्ख्या कवचावर पडू द्या. पिरॅमिडिंगचे खापर प्रथिनांवर फोडणाऱ्यांनी वीस्नर आणि इबेन यांचा २००३चा सल्काटावरचा अभ्यास एकदा वाचावा. आर्द्रतेचा परिणाम प्रथिनांपेक्षा कितीतरी ठळक निघाला होता. कोरड्या धगीखाली चोवीस तास ठेवलेल्या पिल्लाला कोबी द्यावा की जास्वंदीची पाने, यावर मग घरोघरी वाद घालावे लागणार नाहीत.

उष्णता आणि यूव्ही दोन्ही देणारा मर्क्युरी व्हेपर दिवा सोयीचा वाटतो. ज्या गावात वीज दिवसातून चारदा डोळे मिचकावते तिथे मात्र तो विकत घेऊ नये. एकदा विझला की निवेपर्यंत पुन्हा पेटत नाही, आणि त्याला डिमर किंवा थर्मोस्टॅट चालत नाही. न्यू जर्सीहून भाच्याने आणलेला दिवाही नको. तो ११० ते १२० व्होल्टचा असतो, आपल्या २३० व्होल्टवर पहिल्याच दिवशी फुटेल.

‘महाराष्ट्रात ऊन काय कमी आहे?’ असे विचारणाऱ्यांचे निम्मे बरोबर आहे. ऊन आहे तोवर ऊनच उत्तम. जादा झालेले प्रीव्हिटॅमिन ऊनच मोडून टाकते, त्यामुळे उन्हाने डी-३चा अतिरेक होत नाही, तो आपल्या इंजेक्शनने होतो. पण काच लावून बंद केलेल्या बाल्कनीतले ऊन नुसतेच ऊबदार असते. शिवाय ज्या केंद्राची कासवे पत्र्याखाली आहेत, बाहेरच्या आवारात जून ते सप्टेंबर चिखल आहे आणि बाहेर काढायला माणूस नाही, तिथे दिवा हाच सूर्य. पावसाळी तक्रारींचा ढीग आमच्याकडे उगाच येत नाही. २०२४चे नोंदणी नियम आल्यापासून परदेशी प्रजातींचे मालक लपतछपत न येता उघडपणे दवाखान्यात येऊ लागले आहेत, तेव्हा हा ढीग वाढणार. स्टार कासव घेऊन कुणी आलाच तर त्याला दिव्याचा सल्ला देत बसू नका. १ एप्रिल २०२३पासून ते अनुसूची १मध्ये आहे. प्रथमोपचार करा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

आता कामाचे. बचाव केंद्रांत काम करणाऱ्या सर्व पशुवैद्यकांना आमची विनंती आहे की पुढच्या मागणीपत्रात हा दिवा ‘विद्युत साहित्य’ या शीर्षाखाली घालूच नका. ‘औषधे व उपभोग्य साहित्य’ या शीर्षाखाली घाला, सिरिंज आणि क्ष-किरण फिल्म जिथे जातात तिथे. उपभोग्य वस्तूला निर्लेखन लागत नाही, ती संपते. संपण्याची तारीख तुम्ही वैद्यकीय अधिकारी म्हणून लिहायची. वर्णनात वॅट आणि ल्युमेन नकोत. ‘टी-५ एचओ यूव्हीबी ट्यूब, रिफ्लेक्टरसह, मधे जाळी न ठेवता ३० सेंटीमीटरवर यूव्ही इंडेक्स किमान ३, २९० नॅनोमीटरखाली उत्सर्जन नसावे, पुरवठ्याच्या वेळी मीटरवर तपासून स्वीकारली जाईल’ असे लिहा. शेवटचे कलम गाळू नका. निम्मे पुरवठादार ते वाचूनच माघार घेतील. शेऱ्यावर शेरा आला तर लेखी उत्तर द्या, तोंडी नको, आणि त्याची प्रत आमच्याकडे पाठवा.

आणि मीटर घ्या! यूव्ही इंडेक्स दाखवणारा मीटर स्वस्त नाही, एकट्याने घ्यावा असे आम्ही म्हणतही नाही. जिल्हा संघटनेच्या वर्गणीतून जिल्ह्याला एक येऊ शकतो. वार्षिक स्नेहमेळाव्याच्या जेवणावळीतला एक गोड पदार्थ कमी करा. रंग बदलणारी स्वस्त यूव्ही कार्डे घेऊन समाधान मानू नका, ती यूव्हीएलाच भुलतात. ज्या जिल्ह्यात मीटर आला आहे त्यांनी आपल्या हद्दीतल्या प्रत्येक पिंजऱ्याचे वाचन घ्यावे : कवचाच्या उंचीवर, दिवा अर्धा तास तापल्यावर, सोबत ट्यूबचा प्रकार, बसवल्याची तारीख आणि अंतर. तारीख ट्यूबच्या टोकाला मार्करने लिहून ठेवण्याची सवय आजच लावा. वाचने येत्या २५ तारखेपर्यंत संपादकीय कार्यालयात पोहोचली तर पुढच्या अंकात तक्ता छापू, केंद्रांची नावे न देता.