झाडांची हिरावलेली रात्र

तुळशीपुढे पणती लावून हात जोडणाऱ्या घरांतून आपण आलो. त्या पणतीचा उजेड अंगणापलीकडे जात नसे आणि तेल संपले की ती विझे. आज डोंबिवलीच्या निवासी विभागातल्या बंगल्यांपासून ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरील संकुलांपर्यंत बागेच्या दिव्यांचा बेत ठरू लागला की पहिला प्रश्न निघतो तो कोणत्या झाडावर फोकस मारायचा हा. आंब्याच्या खोडात खिळे ठोकायचे, फांद्यांना एलईडीच्या माळा आवळायच्या, त्या पहाटेपर्यंत जळत ठेवायच्या आणि याला शोभा म्हणायचे. अंधार तेवढा अशुभ, हे पिढ्यान्‌पिढ्या आपल्या मनावर बिंबले आहे. त्या अंधारावर कोणाचे जगणे अवलंबून असेल, हे आपण कधी विचारलेच नाही.

ते झाडाचेच अवलंबून आहे. रात्र किती लांबली हे पानांतले रंगद्रव्य ओळखते आणि त्यावर अनेक वनस्पतींचा बहर ठरतो. रातराणी अंधार पडल्यावर गंध सोडते तो निशाचर पतंगांसाठी. तेच पतंग आपल्या फोकसभोवती घिरट्या घालून थकून मरतात. काजव्यांचे नर-मादी एकमेकांना लुकलुकीवरून शोधतात. झगमगाटात ती खूण बुडते, जोडी जुळत नाही, पुढची पिढी जन्मत नाही. एका बाजूला येऊरचे जंगल, दुसरीकडे २०२२ साली महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर दर्जा मिळालेली ठाण्याची खाडी, या दोहोंच्या मध्ये राहण्याचा आपल्याला अभिमान आहे. पण त्यांच्या रात्रीची आपल्याला पर्वा नाही. नागरी भागातल्या झाडांच्या जतनाचा कायदा १९७५ सालचा. तरीही झाडांवरच्या रोषणाईचा जाब पालिकांना विचारला जावा म्हणून २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयाला नोटिसा काढाव्या लागल्या. आपल्या विवेकाचे काम आपण न्यायालयावर टाकले.

अंधारात चोराचिलटाचे, सापाचे भय, उशिरा परतणाऱ्या लेकीसुनांची काळजी खरी आहे. म्हणून उजेड पायवाटेवर हवा, फांदीवर नव्हे. कमरेइतक्या उंचीचा, वरून झाकलेला, जमिनीकडे वळलेला, ३००० केल्विनच्या आतला पिवळसर दिवा, माणूस आला की लागणारा आणि गेला की विझणारा, एवढ्याने ते भय दूर होते. पेंच व्याघ्र प्रकल्प २०२४ साली अंधाऱ्या आकाशाचे जतन करणारे देशातले पहिले उद्यान ठरला. त्यासाठी भोवतीच्या खेड्यांतले रस्त्यांवरचे दिवे खाली वळवले गेले. त्या खेड्यांना जमले ते आपल्याला अवघड नाही. सोसायटीच्या सभेत रोषणाईचा खर्च मंजुरीला येतो तेव्हा आपण सारेच मुकाट्याने हात वर करतो. येत्या सभेत झाडांवरच्या माळा आणि फोकस उतरवण्याचा ठराव आपल्यापैकीच कोणीतरी मांडायचा आहे, आणि तो दिवाळीआधी मांडायचा आहे.