केळीची प्रयोगशाळेतील रोपे : वेग हवा, पण पारखही हवी

फळझाडांच्या अभिवृद्धीचे जे मार्ग मानवाने आजवर चोखाळले, त्यांत ऊतिसंवर्धनाचा मार्ग सर्वांत वेगवान होय. जळगाव जिल्ह्यातील केळी उत्पादकांना त्याचा परिचय नव्याने करून देण्याची आवश्यकता नाही. मुनवे लावण्याऐवजी ग्रँड नैन जातीची प्रयोगशाळेत तयार झालेली रोपे लावणे तेथे नित्याचे झाले आहे. बाग एकसारखी वाढते, थोड्या दिवसांच्या अंतराने सर्व झाडे निसवतात, आणि मुनव्यांच्या कंदांबरोबर येणारे सूत्रकृमी व सोंडकिडे शेतात येत नाहीत. हे लाभ निर्विवाद आहेत. तथापि रोप विकत घेताना शेतकरी भाव विचारतो, क्वचित जातही विचारतो. त्या रोपाचा इतिहास मात्र विचारीत नाही. तो विचारला गेला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या पद्धतीचे मर्म संजीवकांत आहे. स्कूग व मिलर या शास्त्रज्ञांनी १९५७ साली तंबाखूच्या ऊतींवर प्रयोग करून दाखविले की, ऑक्सिन व सायटोकायनिन या दोन संजीवकांच्या परस्पर प्रमाणावर ऊतीचे भवितव्य अवलंबून असते. सायटोकायनिन अधिक असल्यास कोंब फुटतात. ऑक्सिन अधिक असल्यास मुळे फुटतात. डाळिंबाच्या गुटी कलमास मुळे फुटावीत म्हणून आपण जे आयबीए लावतो, तेही ऑक्सिनच होय. केळीच्या मुनव्याच्या गाभ्यातील कोंब निर्जंतुक करून सायटोकायनिनयुक्त माध्यमावर ठेवला की त्यास अनेक कोंब येतात. ते विलग करून पुन्हा नव्या माध्यमावर ठेवतात. असे फेरे झाल्यावर शेवटी कोंबांना मुळे फोडून घेतात.

मोहाचे स्थान नेमके येथेच आहे. समजा, प्रत्येक फेऱ्यात एका कोंबाचे तीन झाले. आठ फेऱ्यांनंतर एका कोंबापासून ६,५६१ कोंब होतील; आणखी एकच फेरा वाढविला तर १९,६८३. नवा मातृकंद निवडणे, तो तपासणे व निर्जंतुक करणे यापेक्षा एक फेरा वाढविणे केव्हाही स्वस्त. सायटोकायनिनची मात्रा वाढवूनही कोंबांची संख्या वाढविता येते. परंतु फेरे व मात्रा यांचा अतिरेक झाला म्हणजे मूळ जातीपासून ढळलेली रोपे अधिक निपजतात. म्हणूनच केळीत फेरे सुमारे आठांच्या पुढे नेऊ नयेत, असा सर्वसाधारण संकेत आहे.

दुसरी गोष्ट अशी की, संजीवक जे आहे तेच वाढविते. निकृष्टाचे उत्कृष्ट करीत नाही, रोग्याचे निरोगी करीत नाही. मातृकंदात पर्णगुच्छाचा किंवा हरण्या रोगाचा विषाणू असेल, तर एका कंदाचा रोग हजारो रोपांतून गावोगाव जाऊ शकतो. पूर्वी एका शेतकऱ्याचा सदोष मुनवा फार तर शेजाऱ्याच्या बांधापर्यंत पोचत असे.

याची किंमत कोण मोजतो? दीड मीटर अंतरावर हेक्टरी ४,४४४ रोपे बसतात. त्यांत शेकडा पाच रोपे सदोष निघाली तरी २२२ झाडे वाया गेली. त्यांना खत, पाणी व मजुरी इतरांइतकीच लागते; दोष मात्र पुष्कळदा घड येण्याच्या सुमारास उघड होतो. रोपे विकणाऱ्याचा व्यवहार तोवर केव्हाच पूर्ण झालेला असतो.

केंद्र शासनाने २००६ साली ऊतिसंवर्धित रोपांच्या प्रमाणीकरणाची व्यवस्था सुरू केली. तीत विषाणूंची व जातीच्या शुद्धतेची तपासणी होते. परंतु बाटलीतील रोपे एकाने तयार करावयाची, सावलीगृहात दुसऱ्याने कणखर करावयाची व तिसऱ्याने विकावयाची, अशी साखळी असते, आणि शेतकऱ्याच्या हाती येईपर्यंत तपासणीचा कागद मागे राहतो. नोंदी ठेवल्या तर रोप महागेल, असे काही विक्रेते म्हणतील. त्यांना वरील २२२ झाडांचा हिशेब दाखवावा.

यास्तव ग्रामसेवक व कृषी सहायक बंधूंना आमचे सांगणे आहे की, गावातील मागणी एकत्र करून रोपे घ्यावीत आणि प्रत्येक खेपेबरोबर तीन गोष्टी लेखी मागाव्यात : मातृकंद कोठील, फेरे किती, व विषाणू-तपासणीचा निकाल काय. एकट्या शेतकऱ्यास नकार देणे सोपे असते. साऱ्या गावास नकार देणे कठीण.

शेतकऱ्यांनीही रोपवाटिकेत स्वतः जाऊन रोपे पाहावीत. इतरांहून फारच बुटकी, पाने दाटीने आलेली, अथवा अरुंद, जाड व फिकट चट्ट्यांच्या पानांची रोपे बाजूस काढावीत. साधारण एक फूट उंचीची, पाच-सहा पानांची, उन्हावाऱ्यास सरावलेली रोपेच घ्यावीत. कोवळ्या रोपांना हरण्या लवकर जडतो व मावा तो पसरवितो. म्हणून नव्या बागेत काकडी, भोपळा यांसारखी आंतरपिके घेऊ नयेत.

विज्ञानाने वेग दिला आहे. त्या वेगाला नोंदीचा लगाम घालणे हे विक्रेत्याचे कर्तव्य आहे, आणि तो लगाम मागून घेणे हा शेतकऱ्याचा हक्क आहे.