ज्याने शिवावे, त्यानेच उसवावे

स्वतःच्या केसांत परके केस मिसळून केशसंभार वाढविण्याची हौस मराठी घरांना नवी नाही. खोपा किंवा अंबाडा भरदार दिसावा म्हणून गंगावन घालण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आणि लग्नकार्यात तिचा अंमल अजूनही पुरता उठलेला नाही; पण गंगावनाची नेमणूक एका समारंभापुरती असते, ते सकाळी वेणीत गुंफावे आणि रात्री सोडून ठेवावे हा त्याचा शिरस्ता असल्यामुळे त्याचा भार डोक्याला फार वेळ वाहावा लागत नाही. अलीकडे आपल्या मोठ्या शहरांतील काही ब्यूटी पार्लरांतून जे हेअर एक्स्टेन्शन सुईदोऱ्याने शिवून बसविले जाते त्याची गोष्ट वेगळी आहे. ते सहा ते आठ आठवडे डोक्यावर राहावयाचे असते, निजताना, न्हाताना, घामात आणि पावसात ते अंगावरच असते, आणि ज्या केसांच्या आधाराने ते टिकून राहते ते केस त्या सबंध मुदतीत मालकिणीच्या दृष्टीस पडत नाहीत. म्हणून या प्रथेत प्रथमच पाऊल टाकणाऱ्या मुलींना आणि त्यांचे केस हाती घेणाऱ्या कारागिरांना माझे एक आग्रहाचे सांगणे आहे: या कामाचा मोबदला ठरविताना शिवण्याबरोबर उसवणेही त्याच करारात आले पाहिजे, आणि कारागिराच्या कसबाची परीक्षा बसविलेल्या केसांच्या झळाळीवरून न होता, उसवल्यानंतर खाली जे स्वतःचे केस उरतात त्यांच्या अवस्थेवरून झाली पाहिजे.

ही कला कोणाची, हे आधी सांगणे न्यायाचे होईल. टाळूला लागून बारीक वेण्यांच्या ओळी घालण्याची विद्या आफ्रिकेची. गुलाम म्हणून समुद्रापार नेल्या गेलेल्या स्त्रियांनी आणि त्यांच्या लेकीसुनांनी ती अमेरिकेत जतन केली. जोडकेस आकड्यांनी अडकवून ठेवण्याऐवजी ते डोक्यावरच्या केसांशी विणून आणि शिवून पक्के करण्याची युक्ती ओहायो राज्यातील क्रिस्टिना जेंकिन्स या कृष्णवर्णीय स्त्रीने सिद्ध केली आणि १९५२ साली अमेरिकी सरकारकडून तिचे पेटंट मिळविले. या युक्तीच्या प्रसारामागे केवळ हौस नव्हती. कचेरीत आणि शाळेत नीटनेटके म्हणजे सरळ केस, असा गोऱ्या समाजाचा अलिखित जाबता होता. कुरळ्या केसांच्या नैसर्गिक रचनेमुळे कोणाला नोकरी वा शिक्षण नाकारता येऊ नये, यासाठी कॅलिफोर्निया राज्याला २०१९ साली ‘क्राउन ॲक्ट’ नावाचा कायदा करावा लागला, यावरून त्या जाबत्याची सत्ता किती दीर्घकाळ चालली याची कल्पना येते. तथापि, याच स्त्रियांनी या कलेला दुसरेही एक प्रयोजन दिले. आपले केस वेण्यांत बंद करून त्यांना फणीपासून, उष्ण इस्त्रीपासून आणि रसायनांपासून काही आठवडे विश्रांती द्यावी आणि मिरवावे ते वरचे केस, असा त्यांचा हिशेब होता. आपल्याकडे ही कला आली ती लांबी आणि दाटी यांचे आश्वासन घेऊन; विश्रांतीची बाजू मात्र बव्हंशी मागेच राहिली, आणि माझ्या मते सारा अनर्थ तेथून सुरू होतो.

बसवणीचा तपशील नवख्या मुलीला ठाऊक असावा, कारण तो ठाऊक असला म्हणजे खुर्चीत बसून प्रश्न विचारता येतात. प्रथम केस स्वच्छ धुऊन, गुंता काढून, मुळापर्यंत कोरडे करावयाचे. मग भांगाजवळचे आणि कपाळाकडचे थोडे केस जोडकेसांच्या पट्ट्या झाकण्यासाठी मोकळे ठेवून उरलेल्या केसांच्या टाळूसरशी वेण्या घालावयाच्या आणि त्यांची टोके वळवून चपटी शिवून टाकावयाची; काही कारागीर वेण्यांवर बारीक जाळी बसवितात, त्यायोगे भार एकाच वेणीवर न पडता विभागला जातो. जोडावयाचे केस एका शिवलेल्या कडेला लोंबणाऱ्या पट्टीच्या रूपात येतात. बाकदार सुई वेणीखालून घालून पट्टीच्या कडेला वळसा देऊन वर काढावयाची, दोऱ्याच्या फासातून ओवून टाका आवळावयाचा, आणि मानेकडून आरंभ करून एकेक ओळ टाळूकडे चढवीत न्यावयाची. येथे दोन गोष्टी बारकाईने पाहाव्यात. सुई पट्टीच्या शिवणीतून आरपार काढली तर शिवण फाटून केस सुटू लागतात, सबब ती शिवणीला वळसा घालूनच गेली पाहिजे. आणि ओळ संपताच पट्टी कात्रीने तोडण्याऐवजी दुमडून परत फिरविली तर तिची कड शाबूत राहते. कपाळ, कानशिले आणि मान यांच्या कडेचे नाजूक केस मात्र या खटाटोपात घेऊच नयेत. पहिली वेणी बोटभर आतून सुरू व्हावी.

ज्या मुलीला हे स्वतःच शिकावयाचे आहे तिने पहिले टाके पुतळ्याच्या डोक्यावर घालावेत आणि नंतरही आपल्या डोक्याची मागची बाजू दुसऱ्याच्या हाती द्यावी, कारण आरशात पाहून मागच्या बाजूचा ताण कळत नाही.

आता त्या ताणाविषयी, कारण या प्रश्नाचा गाभा तोच आहे. ज्या केसांसाठी ही पद्धत घडली ते दाट वळणाचे असल्याने वेणीत एकमेकांना धरून राहतात. आपल्याकडच्या बहुसंख्य स्त्रियांचे सरळ वा मंद लहरींचे गुळगुळीत केस तसे धरत नाहीत, टाळूसरशी घातलेली वेणी काही दिवसांतच सैल होते, आणि पट्ट्या खाली सरकू लागल्या की गिऱ्हाईक तक्रार घेऊन येणार हे ठाऊक असलेला अननुभवी कारागीर ती सैलाई आधीच भरून काढण्यासाठी वेणी गरजेपेक्षा कितीतरी अधिक आवळतो. कुरळे केस हा ताण बिनतक्रार सोसतात असेही नाही; ते मुळात फार नाजूक असतात, आणि घट्ट वेण्यांनी कानशिलांवरचे केस गमावलेल्या स्त्रिया अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजात थोड्याथोडक्या नाहीत. सतत ओढ बसल्याने केशमुळे दुबळी होऊन चाई पडल्यासारखी जागा उघडी होते, या विकाराची पहिली वैद्यकीय नोंद १९०७ साली झाली ती ग्रीनलंडमधील स्त्रियांची. तेथे केस ताणून बांधण्याची रीत होती. वंश कोणताही असो, केशमूळ ओढीला वश होतेच. तेव्हा बसवणी झाल्यावर डोके ठणकणे, भुवया वर ओढल्यासारख्या वाटणे, मुळांशी बारीक पुटकुळ्या उठणे, यांतले काहीही झाले तर ‘दोन दिवसांत बसेल’ हे पार्लरातले ठरीव उत्तर मुळीच मान्य करू नये. वेदनाशामक गोळी घेण्याचे येथे काहीच कारण नसते. टाके त्याच दिवशी सैल करून घ्यावेत.

यात आणखी एक विपर्यास आहे आणि तो मला विशेष क्लेश देतो. पूर्ण डोक्याच्या बसवणीला साधारण दोनशे ते तीनशे ग्रॅम केस लागतात, ओले झाल्यावर त्यांचे वजन आणखी वाढते. आणि हा भार मागण्यास बहुधा येते ती स्त्री जिचे केस बाळंतपणानंतर, दीर्घ तापानंतर, रक्तातील लोह कमी झाल्याने किंवा थायरॉइडच्या बिघाडाने विरळ झालेले असतात. म्हणजे जे केस सर्वांत दुबळे, त्यांच्यावरच सर्वांत मोठे ओझे. अशा स्त्रीला आधी डॉक्टरांकडे पाठविणे हे पार्लरचालिकेचे कर्तव्य आहे, त्यात तिचे एक गिऱ्हाईक तात्पुरते कमी झाले तरी. निरोगी केसांच्या मुलीनेही पहिल्या खेपेस मागच्या बाजूच्या दोन-तीन ओळींवर समाधान मानावे.

विकत घ्यावयाच्या केसांचा प्रश्न आपल्या अंगणातला आहे. तिरुमलाच्या कल्याणकट्ट्यावर भाविक केस अर्पण करतात, त्यांत महाराष्ट्रातून नवस फेडण्यास गेलेली कुटुंबेही असतात. देवस्थान त्या केसांची लांबीप्रमाणे प्रतवारी करून लिलाव करते आणि तेथून ते जगाच्या बाजारात जातात. एकाच डोक्यावरून, एकाच वेळी, मूळ आणि टोक यांचा क्रम न बिघडता गोळा झालेल्या अशा केसांना व्यापारात ‘रेमी’ म्हणतात. प्रत्येक केसावर मुळाकडून टोकाकडे झुकलेले सूक्ष्म खवले असतात. सर्व केसांचे खवले एका दिशेला असले म्हणजे ते एकमेकांत अडकत नाहीत. दुसरा पुरवठा गुंतवळाचा. ‘केसांवर भांडी’, ‘केसांवर फुगे’ अशी आरोळी देत गल्लोगल्ली फिरणाऱ्या माणसाला आपल्या आयाबाया फणीतला जो गुंतवळ देतात, त्यात मुळे आणि टोके यांचा मेळ राहिलेला नसतो. म्हणून कारखान्यात आम्लाने खवले झिजवून त्यावर सिलिकोनचा लेप चढविला जातो. असा माल दुकानात रेशमासारखा लखलखतो, पण काही धुण्यांत लेप उतरला की मानेपाशी त्याच्या जटा होऊ लागतात, आणि नवखी मुलगी दोष स्वतःच्या निगराणीला देत बसते. कृत्रिम तंतूंची भेसळ ओळखणे त्यामानाने सोपे: एखादा केस जाळून पाहावा, खरा केस पिसाच्या वासाने जळून त्याची चुरडता येईल अशी राख होते, कृत्रिम तंतू वितळून त्याचा कठीण मणी बनतो. विक्रेत्याने केस कोठले, कोणत्या प्रतीचे, किती वजनाचे, हे पावतीवर लिहून द्यावे. ज्या स्त्रीने ते देवाला वाहिले किंवा वाटीभांड्यासाठी दिले तिच्याविषयीचा किमान आदर म्हणूनही हा दाखला असावा, असे मला मनापासून वाटते.

निगराणी ही तपश्चर्या नव्हे, पण नियमित हवी. आठवड्या-दहा दिवसांनी टाळू धुवावी: चोचीच्या बाटलीत पातळ केलेला शाम्पू घेऊन तो वेण्यांच्या मधल्या रेषांत सोडावा, बोटांच्या पेरांनी हलकेच चोळावा आणि पाणी वरून खाली वाहू द्यावे, केस डोक्यावर गोळा करून खसाखसा घासू नयेत. यापेक्षा महत्त्वाचे काम त्यानंतरचे. वरचे केस वाळले तरी पट्ट्यांखालच्या वेण्या तासन्‌तास ओल्या राहतात, त्या ओलीवर बुरशी आणि दुर्गंधी वाढते, आणि मुंबई-कोकणच्या आषाढात तर घरच्या हवेत त्या नीट वाळतच नाहीत. तेव्हा ड्रायरची कोमट हवा पट्ट्या उचलून मुळाशी पोचवलीच पाहिजे आणि ओल्या डोक्याने निजणे पूर्णपणे वर्ज्य मानले पाहिजे. पुण्यात दुचाकीवरून जाणाऱ्या मुलींनी घामेजलेले हेल्मेट काढल्यावर हीच दक्षता घ्यावी. टाळूला तेलाचे दोन-चार थेंब पुरतात. आपल्या सवयीप्रमाणे चंपी केली तर दोरे आणि वेण्या दोन्ही सैल होतात. जोडलेल्या केसांना मात्र टाळूचे नैसर्गिक तेल पोचत नाही, म्हणून त्यांच्या टोकांना कंडिशनर हवा. विंचरताना एका हाताने पट्टी मुळाशी धरून टोकाकडून वर यावे. रात्री सैल वेणी घालून सॅटिनचा रुमाल बांधावा.

मुदत संपली की उसवण, आणि येथे बहुतेक पार्लरांचा उत्साह ओसरतो. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे दोन महिन्यांत वेणी टाळूपासून सुटून लोंबू लागते आणि पट्टीचे सारे वजन त्या थोड्या मोकळ्या केसांवर येते. खर्च वसूल व्हावा म्हणून मुदत लांबविण्याचा मोह होतो तो याच वेळी, आणि उसवण्याचे पैसे वेगळे पडत असतील तर कित्येकजणी घरीच कात्री घेऊन बसतात व दोऱ्याबरोबर स्वतःची वेणीही कापून टाकतात. उसवताना पट्टी उचलून फक्त दोरा दिसेल अशा जागी तो तोडावा, वेण्या टोकाकडून सोडाव्यात, आणि केस पाण्याखाली नेण्यापूर्वी बोटांनी सारा गुंता मोकळा करावा. त्या वेळी मुठी भरतील एवढे केस हाती येतात आणि अनुभव नसलेली मुलगी घाबरून रडते. वास्तविक माणसाचे रोज पन्नास ते शंभर केस गळतच असतात. एरवी ते फणीत, उशीवर, न्हाणीघरात जातात, येथे ते आठ आठवडे वेण्यांत अडकून पडलेले असतात. एवढे आधी सांगून ठेवले तर ते रडणे टळते. पण हाती आलेले केस मुळासकट सुटलेले नसून मधेच तुटलेले, आखूड असतील, तर मात्र भीती साधार आहे.

यासाठी पहिल्याच दिवशी पार्लरने एक चिठ्ठी द्यावी, तिच्यावर केसांचे वजन आणि प्रत, बसवणीची तारीख, उसवण्याची तारीख आणि दोन्हींचा एकत्रित मोबदला असावा. सौंदर्यप्रसाधनाचे वर्ग चालविणाऱ्या संस्थांनीही विद्यार्थिनीला बसवणीइतकेच गुण उसवणीचे ठेवावेत. उसवल्यावर कारागिराने कपाळ आणि कानशिलांची कड उजेडात न्याहाळावी, पुढची बसवणी काही आठवडे लांबवावी, आणि तेथे केस विरळ झालेले आढळले तर मागूनही ती करून देऊ नये. कारण ओढीने गेलेले केस आरंभी ताण थांबताच परत येऊ शकतात, पण ओढ वर्षानुवर्षे चालून केशमुळांच्या जागी व्रण तयार झाला म्हणजे तेथे पुन्हा केस उगवत नाहीत.