पिशवी काढल्यानंतर

बीड जिल्ह्यातील ऊसतोडीला जाणारी बाई ‘पिशवी काढली’ असे म्हणते, तेव्हा एखादे ओझे उतरवून ठेवल्याचा भास होतो. २०१९ साली शासकीय समितीने अशा ८२ हजारांहून अधिक स्त्रियांची पाहणी केली. १३ हजारांवर जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. आकड्यांची चर्चा पुष्कळ झाली. त्यानंतरच्या शरीराचे काय?

शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे थोडासा रक्तस्राव स्वाभाविक असतो. मात्र साधारण सहा आठवडे जड उचलू नये, असे वैद्यकशास्त्र सांगते. आणि इथे तर डोक्यावर उसाची मोळी! एका दिवसाचा खाडा झाला तरी मुकादम पैसे कापतो. आतले टाके भरण्याआधीच अंगावरून पुन्हा लाल जाऊ लागले, तर तिने फडात कोणाला सांगावे? अंडाशयही काढले असतील तर तिशीतच रजोनिवृत्ती, अंगाची आग, ठिसूळ होत जाणारी हाडे.

आम्ही वर्गात ग्रामीण साहित्य शिकवतो. दुष्काळ, उचल, स्थलांतर यांवर प्रश्न काढतो. ‘अंगावरून जाणे’ हे शब्द आले की मात्र, खरे सांगायचे तर, आम्ही पान उलटतो.