अंधार होता की आंधळे होते?



या महिन्याच्या टपालातून आम्ही तीन पत्रे निवडली आहेत. तिन्ही पत्रांत घरातल्या बुजुर्गांकडून आलेले काही तरी आहे आणि ते अर्धेच हाती उरले आहे.

प्रश्न : *आमचे सासरे मगरिबनंतर नातवंडांना गोष्टी सांगत. त्यांत एक हत्तीची होती. काळोख्या घरात हत्ती बांधलेला, माणसे आत जाऊन त्याला हात लावून बघतात आणि बाहेर येऊन भांडतात. गेल्या वर्षी सासऱ्यांचा इंतकाल झाला. मुलाने ही गोष्ट वर्गात सांगितली तेव्हा बाईंनी दुरुस्त केले, "अंधार नव्हता, ती माणसे आंधळी होती." तेव्हापासून तो दादांची कुठलीच गोष्ट कुणाला सांगत नाही. खरी गोष्ट कोणती?* (एक भगिनी, चिपळूण)

उत्तर : मुलाला आधी एवढे सांगा की दादा चुकले नव्हते. बाईंनी सांगितलेली गोष्टही खोटी नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आंधळ्यांची गोष्ट फार जुनी आहे. ती बौद्धांच्या 'उदान' या पाली ग्रंथात सापडते. श्रावस्तीचा राजा जन्मांध माणसांना गोळा करून हत्ती दाखवतो. ज्याच्या हाती जो अवयव लागला तेवढाच हत्ती, असे म्हणत ती माणसे शेवटी गुद्द्यांवर येतात. बाराव्या शतकात गझनीचे फारसी कवी सनाई यांनी आंधळ्यांच्या एका गावाची म्हणून ती सांगितली.

त्यानंतर मौलाना जलालुद्दीन रूमी (१२०७–१२७३) यांनी ती आपल्या मसनवीत घेतली. मसनवीचे सहा भाग आहेत आणि भागाला तिथे 'दफ्तर' म्हणतात. तुमच्या मुलाच्या खांद्यावरचे दप्तर म्हणजे तोच शब्द. तिसऱ्या दफ्तरात ही गोष्ट येते. हिंदुस्तानातल्या लोकांनी हत्ती आणून एका अंधाऱ्या घरात ठेवला आहे. बघायला येणाऱ्या सगळ्यांना चांगले डोळे आहेत, पण आत काही दिसत नाही म्हणून ते तळहाताने चाचपतात. सोंड लागली त्याला परनाळ वाटते, कान लागला त्याला पंखा, पाय लागला त्याला खांब, पाठ लागली त्याला तख्त. रूमी म्हणतात, एक जण त्याला 'अलिफ' म्हणतो आणि दुसरा 'दाल'. घरात उर्दू शिकणारे मूल असेल तर पाटीवर ही दोन अक्षरे काढून दाखवा. अलिफ उभा आणि सरळ, दाल वाकलेला. वस्तू एकच आणि तिचे वर्णन इतके उलटे, हे मुलांना लगेच कळते.

आता अर्थाकडे येऊ. माणसे आंधळी असतील तर दोष त्यांच्या डोळ्यांत राहतो आणि ऐकणारा आपण डोळस म्हणून त्यांना हसून मोकळा होतो. रूमींनी माणसांना डोळे दिले आणि दोष अंधारात ठेवला. प्रत्येकाच्या हातात एकेक मेणबत्ती असती तर भांडणच उरले नसते, असे ते सांगतात. म्हणजे समोरच्याशी वाद घालताना त्याच्या डोळ्यांवर शंका घेण्याआधी आपण दोघे किती उजेडात उभे आहोत, ते बघायचे. दुसरेही एक कारण आम्हां शिक्षकांना जवळचे वाटते. वर्गात एखादे दृष्टिहीन मूल बसलेले असते. अंधाऱ्या घराची गोष्ट त्याच्यासमोर न अडखळता सांगता येते.

बाईंशी वाद घालू नका. पाठ्यपुस्तकातली गोष्ट त्यांनी प्रामाणिकपणे सांगितली. "आमच्या घरी ही गोष्ट रूमींच्या मसनवीतून आली आहे," एवढी चिठ्ठी मुलाच्या दप्तरात ठेवा. चांगल्या शिक्षिकेला तेवढे पुरते, आणि मग त्या दोन्ही गोष्टी वर्गात सांगतील.

प्रश्न : *माझ्या पणजोबांच्या सनदेवर त्यांच्या नावापुढे 'फाजिल' असे लिहिले आहे. घरात ती सनद चौकटीत लावलेली आहे. मी मित्रांना दाखवली तर ते हसले. मराठीत 'फाजील' म्हणजे नको तितका, आगाऊ. मग पणजोबांना असे का म्हटले?* (इयत्ता नववीचा विद्यार्थी, मिरज)

उत्तर : बेटा, चौकट भिंतीवरून काढू नकोस. उर्दूत 'फाजिल' म्हणजे विद्वान. मदरशाच्या शिक्षणातली ती एक पदवी आहे.

शब्द मुळात एकच आहे. अरबीतल्या त्याच्या धातूचा अर्थ उरणे, जास्त असणे, वरचढ असणे असा आहे. 'अल्लाहचा फजल' म्हणताना आपण तोच शब्द वापरतो. आपल्या हिशेबापलीकडची, वरून मिळालेली मेहेरबानी म्हणजे फजल. इल्ममध्ये जो इतरांपेक्षा जास्त, तो फाजिल. मराठीत हाच शब्द वेगळ्या दाराने आला. जमाखर्चात जे जादा निघते ते फाजील. पुढे बोलण्यात 'फाजील लाड', 'फाजील आत्मविश्वास' आले आणि जास्तीचे होता होता नकोसे झाले. एका भाषेने 'जास्त'ला मान दिला, दुसरीने त्याला टोकले.

असे आणखी शब्द तुला सापडतील. 'राजीनामा' घे. उर्दूत वादातल्या दोन्ही बाजू राजी झाल्याचा कागद म्हणजे राजीनामा, म्हणजे तडजोड. मराठीत राजीनामा दिला म्हणजे नोकरी किंवा पद सोडले. 'खैर' उर्दूत भलाई आहे, आणि मराठीत आई "आज तुझी खैर नाही" म्हणते तेव्हा मूल पळते. दोन भाषांच्या घरात वाढणाऱ्याला अशी थट्टा कधी ना कधी ऐकावी लागते. पण एका शब्दाचे दोन अर्थ त्याच्याकडे असतात, हसणाऱ्याकडे एकच असतो. मित्रांना पुढच्या वेळी हे सगळे समजावून सांग. ते ऐकतील.

प्रश्न : *लहानपणी वाचलेली एक गोष्ट आठवते. एक गरीब मुलगा ईदच्या मेळ्यातून खेळण्याऐवजी चिमटा आणतो. लेखक आठवत नाही, शेवट आठवत नाही. माझे वय ७४. या ईदला नातीला सांगायची आहे.* (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : जनाब, ही प्रेमचंद यांची 'ईदगाह', १९३३ सालची. प्रेमचंद (१८८०–१९३६) यांचे खरे नाव धनपत राय. ते आधी उर्दूत लिहीत आणि नंतर हिंदीतही लिहू लागले.

मुलाचे नाव हामिद, वय चार-पाच वर्षे. आई-वडील वारलेले, दादी अमीना त्याला सांभाळते. मेळ्याला जाताना त्याच्या खिशात तीन पैसे असतात. भाकरी भाजताना दादीची बोटे पोळतात, हे त्याला लोहाराच्या दुकानासमोर आठवते. दुकानदार सहा पैसे सांगतो. घासाघीस होऊन चिमटा तीन पैशांत मिळतो.

ही गोष्ट सांगताना 'शहाणी मुले खाऊवर पैसे उडवत नाहीत' असा उपदेश बरेच जण करतात. तो जरा बाजूला ठेवा. हामिदला मिठाई हवी असते, खेळण्यांकडे बघून त्याचा जीव तुटतो. शिवाय तो साधुसंतही नाही. परतताना तो आपल्या चिमट्याची अशी बढाई मारतो की मातीचे शिपाई आणि भिश्ती घेतलेले मित्र गप्प होतात. नातीला हा भाग रंगवून सांगा. ती हसेल, आणि मग पुढचे तिला लागेल.

आता शेवट. दादी आधी रागावते. दुपार झाली तरी पोराने काही खाल्ले-प्यायले नाही आणि आणले काय, तर चिमटा! हामिद चाचरत सांगतो की तुझी बोटे भाजत होती म्हणून आणला. राग तिथेच विरतो आणि ती रडू लागते. प्रेमचंद म्हणतात की त्या क्षणी लहानगा हामिद म्हातारा झाला होता आणि म्हातारी अमीना लहान मुलगी. पदर पसरून ती दुआ मागते, डोळ्यांतून पाणी गळत असते, आणि ते का, हे हामिदला समजत नाही. आजोबा, हा शेवट ७४ वर्षांच्या माणसाने सांगावा, असाच आहे.

प्रश्न पाठवणाऱ्यांना एक विनंती. गोष्ट नीटनेटकी करून पाठवू नका. जशी आठवते तशीच लिहा, दादी-नानीच्या तोंडच्या शब्दांसह, मग ते दखनी असोत की कोकणी. कोणी सांगितली, कधी सांगत, हेही लिहा. चिपळूणच्या भगिनींनी 'अंधार' हा शब्द पुस्तकाप्रमाणे बदलून लिहिला असता, तर आम्हांला रूमींपर्यंत पोहोचता आले नसते. आणि ज्यांच्या घरात सांगणारे अजून आहेत, त्यांनी आम्हांला पत्र लिहिण्याआधी त्यांच्याजवळ जाऊन बसावे.