प्रथिनांचे भय कोणाला?

प्रथिनबहुल आहाराने कर्करोग ओढवतो काय, हा प्रश्न सुखवस्तू वर्गात हिरिरीने चर्चिला जातो. २०१४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५० ते ६५ वयोगटात असा आहार घेणाऱ्यांच्या कर्करोगाने मृत्यू होण्याच्या धोक्यात चौपट वाढ आढळली. पासष्टीनंतर मात्र तो उलट घटलेला दिसला. वनस्पतिजन्य प्रथिनांबाबत हा संबंध जवळजवळ उरलाच नाही. शिवाय या निष्कर्षाचा आधार बव्हंशी एका दिवसाच्या आहाराची नोंद हाच होता.

२०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेले मांस कर्ककारक ठरविले. ते रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे प्रथिने किती, याइतकेच ती कशातून येतात हे महत्त्वाचे. डाळ-उसळीवर हा आरोप लागू होत नाही.

आणि या देशात खरा प्रश्न अतिरेकाचा नसून अभावाचा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार पाच वर्षांखालील ३५.५ टक्के बालके खुरटलेली होती. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेवर तृणधान्याची हमी दिली, डाळीची नाही. श्रीमंतांच्या ताटातील भीती गरिबांच्या वाटीतील डाळ नाकारण्याचे निमित्त होऊ नये, याची दक्षता कार्यकर्त्यांनी घेतली पाहिजे.